चासीखालचे नेर्लेकर सर

नेर्लेकर सरांचं मला झालेलं पहिलं दर्शन म्हणजे दोन पाय. आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावातल्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भलीमोठी पिकअप उभी होती आणि तिच्याखालून तपकिरी बूट घातलेले दोन पाय बाहेर आले होते. मी डॉक्टर. असे पाय दिसले की आपण आधी नाडी शोधतो. हातातल्या पिशव्या तिथेच टाकून मी खाली वाकले आणि माझ्या पुण्याच्या इंग्रजीत विचारलं, "आर यू ऑल राइट?"

आतून आवाज आला, "अरारारा! पार सडलाय की हो!"

हे उत्तर मला नव्हतं, गाडीला होतं. पण ते मराठीत होतं. या गावात येऊन मला थोडेच दिवस झाले होते आणि फोनच्या बाहेर मराठी ऐकायची मी आशाच सोडली होती. मला एकदम भरून आलं. मोटारीखालच्या माणसाच्या तोंडून 'सडलाय' हा शब्द ऐकून डोळ्यांत पाणी आलेली मी पहिलीच बाई असेन.

पाय सरपटत बाहेर आले. पाठोपाठ टाय आला, मग चष्मा, मग नाकावर गंजाची पूड लागलेला साठीचा एक चेहरा. "समुद्राची हवा आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ," ते मला समजावायला लागले. "वरून नवरी, खालून खापर. गाडीची चासी बघायची असते, तोंड काय कोणीही रंगवतो. मराठी ना तुम्ही? मग मघापासून इंग्रजीत काय बोलताय?"

इतक्यात गाडीचा मालक आला. मी घाईघाईनं पिशव्या उचलायला लागले, पण तो नुसता हसला आणि म्हणाला, "काय डॉक्टर, किती वर्षं देताय?" सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, की आपल्या गाडीखाली कुणी निजलेलं दिसलं तर तो चोर नसतो, हॉस्पिटलातला भुलेचा डॉक्टर असतो.

सर मूळचे कागलचे. वीसहून जास्त वर्षं आयर्लंडच्या या कोपऱ्यात त्यांनी माणसं झोपवण्यात आणि पुन्हा उठवण्यात घालवली होती. ते माझ्याच हॉस्पिटलात काम करणारे आणि माझ्याच गल्लीत, चार घरं सोडून राहणारे निघाले. त्यांचा एकच ध्यास होता. मोठ्या पिकअप गाड्यांत शेवटपर्यंत टिकते ती कोणती, अमेरिकन की जपानी? या एका प्रश्नावर ते कितीही वेळ बोलू शकत. गिअरबॉक्स कुणाचा आधी जातो, स्प्रिंगचे पाटे कुणाचे बसतात, गंज आधी कुठे धरतो, टायमिंग चेन कुणाची खुळखुळते, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र सर एक छोटी निळी हॅचबॅक चालवत. तीही इतकी जपून, की मागे ट्रॅक्टरांची रांग लागे.

नव्या गोष्टीचं कौतुक त्यांना माहीतच नव्हतं. मी नवा कुकर घेतला, तर सरांनी तो फिरवून बघितला आणि म्हणाले, "दिसतोय बरा. दहा वर्षांनी बोलू." माझं लग्न होऊन तीन वर्षं झालीत असं सांगितलं, तेव्हाही तेच, "दहा वर्षांनी बोलू." माझा नवरा समीर डब्लिनजवळ लिक्सलिपला, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच्या शिफ्टमधून सवड मिळेल तसा देश ओलांडून मला भेटायला येई. तो पहिल्यांदा आला, तेव्हा सरांनी त्याला चहा पाजला, भोवती एक चक्कर मारली आणि माझ्या कानात म्हणाले, "इंजिन चांगलंय. सस्पेन्शनचं खड्ड्यांत कळेल."

ऑपरेशन थिएटरातही सुटका नव्हती. भूल देताना बाकीचे डॉक्टर पेशंटला आकडे मोजायला सांगतात. सर विचारत, "अमेरिकन की जपानी?" आमच्या डॉनेगल जिल्ह्यातला शेतकरी या प्रश्नाला कधीही एका शब्दात उत्तर देत नाही. तो उसळून बोलायला लागे आणि वाक्याच्या मध्यावर झोपी जाई. एक म्हातारेबुवा तर शुद्धीवर येताना ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत उठले. नर्स घाबरली. सर म्हणाले, "मेंदू उत्तम आहे. मत चुकीचं आहे."

सरांच्या दरबारात दोन मुख्य मानकरी होते, ईमन आणि डेक्लन. दोघेही मेंढ्या पाळणारे. ईमन डोंगरावर एकटा राहणारा, सत्तरीचा, हाडापेरानं दणकट. त्याच्याकडे खास मागवलेली अमेरिकन पिकअप होती. स्टिअरिंग उलट्या बाजूला आणि रुंदी अशी, की आमच्याकडच्या गल्लीबोळांतून जाताना दोन्ही बाजूंची काटेरी झुडपं विंचरली जात. डेक्लनकडे जपानी. रविवारी चर्च सुटलं की दोघांपैकी एक तरी सरांच्या दारात हजर. सर पोहे करत. ईमन पोह्यांना "तो पिवळा वी भात" म्हणे आणि दोनदा मागून घेई. 'वी' म्हणजे इवलासा. डॉनेगलात डोंगरसुद्धा वीच असतो.

मला एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नसे. ईमन समोर असला की सर जपानीची बाजू घेत. डेक्लन समोर असला की अमेरिकनची. एकदा दोघेही एकाच वेळी येऊन बसले आणि म्हणाले, "हं, डॉक्टर, आता सांगा." सरांना मोठा खोकला आला आणि चहा टाकायला म्हणून ते आत गेले, ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

आणि दर रविवारी, त्या पोह्यांनंतर, माझ्या दारावर टकटक. "पूर्वा, चल, पिकअप बघायला जायचंय."

मला पिकअपमध्ये काडीचा रस नव्हता. पण त्या पहिल्या हिवाळ्यात मला कशातच रस नव्हता. चारलाच अंधार पडायचा, समीर दूर, आणि सुट्टीचे दिवस असे जायचे, की सोमवारी वॉर्डात 'गुड मॉर्निंग' म्हणताना घसा साफ करावा लागायचा. सरांचा मान ठेवायचा म्हणून मी जायचे. आम्ही कुठल्या तरी फार्मवर जायचो. सर गाडीखाली शिरत, मालक शेजारी उकिडवा बसे आणि मालकीण मला स्वयंपाकघरात नेऊन सोडा ब्रेडवर बोटभर लोणी फासून देई. परत येताना सर गिअरबॉक्सवर बोलत आणि मी "हो का?" म्हणत असे. घरी आले की झोप मात्र छान लागायची.

मग ओळीनं दोन रविवार ईमन आला नाही.

"फोन केला होता," सर म्हणाले. "म्हणाला, ग्रँड आहे, म्हणजे मजेत. इथं माणूस मरायला टेकला तरी ग्रँडच असतो. चल, जाऊन येऊ."

पावसानं ईमनच्या घराकडचा कच्चा रस्ता वाहून गेल्यासारखा झाला होता. निळी हॅचबॅक खाली डांबरी रस्त्यावर ठेवून आम्ही चिखलातून चढ चढून गेलो. दार उघडंच होतं. ईमन चुलीजवळच्या खुर्चीत बसला होता. शेजारच्या टेबलावर खरकटी ताटली तशीच. चेहरा राखेसारखा.

मी पुढे होऊन विचारणार, तेवढ्यात सरांनी माझं मनगट दाबलं. ते आरामात समोर बसले आणि म्हणाले, "ईमन, डेक्लन सांगत फिरतोय, की तुझ्या अमेरिकनला आता चढ चढवत नाही."

"कोण म्हणतो?" ईमन ताठ झाला. "माझी गाडी..." त्यानं श्वास घेतला. "माझी गाडी त्याच्या..." पुन्हा थांबला. एका साध्या वाक्याला त्याला तीनदा दम खावा लागला. सर त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते त्याच्या बुटांकडे बघत होते. नाड्या सुटलेल्या, आणि पाय इतके सुजलेले की बूट फाटायला आलेले.

"रात्री खुर्चीतच झोपतोस ना?" सरांनी हळूच विचारलं.

ईमननं मान खाली घातली. "आडवा झालो की गुदमरतं."

मी नाडी पाहिली. वेडीवाकडी धावत होती. छातीला कान लावला, तर आत पाण्याचे बुडबुडे. फोन केला, पण रुग्णवाहिका जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली होती. तिची वाट बघण्यापेक्षा आम्हीच लवकर पोचलो असतो. पण ईमन हलेना.

"हॉस्पिटलात गेलेली माझी सगळी माणसं तिथेच राहिली," तो म्हणाला.

"मी रोज जातो," सर म्हणाले. "रोज परत येतो."

ईमन खुर्चीला आणखीच चिकटून बसला.

"तुझ्याच गाडीतून जाऊ. चढ चढते की नाही, ते मला बघायचंय."

यावर मात्र ईमननं खुंटीवरच्या किल्लीकडे बोट दाखवलं.

पुढच्या सीटवर आम्ही तिघं. मधे ईमन, खिडकीशी मी त्याचं मनगट धरून, आणि उलट्या बाजूच्या स्टिअरिंगवर नेर्लेकर सर. पाटे, चेन, चासी सगळ्याचा जाणकार माणूस! सरांनी ऐटीत दांडा ओढला. वायपर चालू झाले. दुसरा दांडा ओढला, तर गाडी डरकाळी फोडून मागे निघाली आणि कोंबड्यांनी आकांत मांडला.

"सर, पुढे! पुढे घ्या!"

"पुढेच घेतोय गं!"

धापा टाकत ईमननं स्वतःचा हात लांब केला आणि दांडा योग्य जागी आणला. "तू... कधी चालवली नाहीस... ही?"

"नाही."

"मग इतकी वर्षं... कशाच्या जोरावर बोलत होतास?"

"वाचून!" सर ओरडले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग कवटाळून त्या चिखलातून खाली निघाले. माझं लायसन्स तेव्हा शिकाऊ होतं, पण मीसुद्धा याहून बरी चालवली असती. एका वळणावर कुंपणाचा खांब गेला. हॉस्पिटलच्या चढाला मात्र गाडी एकदाही न कुरकुरता लागली. ईमननं डोळे मिटूनच विचारलं, "चढली?"

"चढली," सर म्हणाले.

पुढचं आमच्या हातातलं होतं. इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला, छातीतलं पाणी उतरायला लागलं. हृदयाची एक झडप निकामी झाली होती; ती ईमन पुढे डब्लिनला जाऊन बदलून आला. आता नव्या झडपेचीही फुशारकी मारतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तो वॉर्डात शांत झोपला, तेव्हा सर आणि मी चिखलानं भरलेल्या बुटांनी कँटीनमध्ये जाऊन बसलो. ईमनच्या गाडीची किल्ली अजून सरांच्या हातातच होती.

"सर, तुम्हाला खरंच पिकअप आवडतात?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

"वासंती याच हॉस्पिटलात गेली," ते म्हणाले. त्यांच्या पत्नीचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. "लोक फार चांगले होते. सगळे येऊन हात हातात घेऊन गेले, सँडविचेस ठेवून गेले. मग जो तो आपल्या कामाला लागला. लागणारच की. एका रविवारी सामान घेतलं आणि पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. घरी जायचं होईना. शेजारी ह्या ईमनबाबाची ही एवढी पिकअप उभी. माझं दारही उघडेना, अशी लावलेली. तो आला, सॉरी म्हणाला, माझ्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खिडकीला टेकून गाडीचं कौतुक सांगायला लागला. इंजिन, गिअर, कुठून मागवली, काय काय. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण मी ऐकत होतो. कितीतरी वेळ तसाच उभा होता पावसात."

"मग?"

"मग जाताना म्हणाला, येईन एकदा, खालून दाखवतो. मला वाटलं, असं सगळेच म्हणतात. तो वळला आणि मला काही सुचेना. म्हणून पाठीमागून म्हटलं, 'पण जपानी जास्त टिकते म्हणतात.'" सर हसले. "जपानी पिकअप मी ओळखलीसुद्धा नसती गं. पण ह्याचं तोंड लालबुंद झालं. म्हटलं, चला, आता भांडायला तरी येईल."

"आले?"

"दुसऱ्याच दिवशी. मग मी वाचायला लागलो. भांडण टिकवायचं तर अभ्यास पाहिजे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि एक लक्षात आलं. इथल्या माणसाला 'कसा आहेस' विचारलं की 'ग्रँड' म्हणतो आणि दार लागतं. गाडी कशी आहे विचारलं की खुर्ची देतो. मग बायको गेल्याचं सांगतो, गुडघा दाखवतो, मुलगा सिडनीहून फोन करत नाही म्हणतो. तेवढा वेळ आपण खाली निजून राहायचं. तोंड दिसत नसलं की माणूस बोलतो."

मला ती सगळी स्वयंपाकघरं आठवली, ते बोटभर लोणी, नावानिशी ओळखून हाका मारणाऱ्या त्या बायका.

"सर, म्हणजे मला दर रविवारी न्यायचात, ते..."

"चहा गार होतोय तुझा," सर म्हणाले.

मी कप उचलला. "येत्या रविवारी कुणाची चासी बघायचीय?" मी विचारलं.