अण्णांची अर्धी गोळी

आमच्या पडेगावच्या कॉलनीत कुणाकडेही गेलं की चहा मिळतो. शेजारच्या अण्णांकडे चहावर दुखण्याची गोळी मिळते. त्यांच्या सुपारीच्या डबीत सुपारी नसतेच. अडकित्त्यानं गोळी मधोमध कातरून अर्धी पाहुण्यापुढं धरणार. "घ्या की! कायतरी दुखतच आसंल."

एसटीच्या ड्रायव्हरकीत कंबर गेली, तेव्हा डॉक्टरनं आठवडाभरासाठी ही गोळी दिली होती. अण्णांनी ती वर्षानुवर्षं चालवली. सकाळी, जेवणावर, शिवाय दुपारी 'उगं तोंडात आसावी म्हणून'. कुणी टोकलं की म्हणायचे, "कंबर माझी, गोळी माझी. डाक्टर मधी कामून?"

यंदा दिवाळीनंतर अण्णांचा चेहरा भरला. आपल्याकडे माणूस फुगला की आधी कौतुकच होतं. "अण्णा, तब्येत सुधारली!" सगळी कॉलनी म्हणाली, मीही म्हणालो. अण्णांनी खुशीत एक नंबर मोठी चप्पल घेतली.

मग एकदा पायरीवर बसून ते मला गंमत दाखवू लागले. नडगीवर बोट दाबायचे, खड्डा पडायचा, आणि तो काही केल्या भरायचा नाही. मी खोदून विचारलं, तर लघवी कमी झालेली, तिला फेस येतो, जेवण नकोसं वाटतं. "वय झालं, दुसरं काय!"

मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "किडन्यांवर परिणाम झालाय. ही गोळी आजपासून बंद. उद्या भरती व्हा."

परतताना रिक्षात मी भडकलो. "जीव जाईल अण्णा! एवढं काय त्या कंबरेचं?"

"कंबरेचं लई नाय रे," अण्णा बाहेर बघत म्हणाले. लकवा झाल्यापासून काकूंना रोज उचलून खुर्चीत बसवतात ते अण्णाच. घरात नवरा-बायको दोघंच. "एकडाव बिनागोळीचं उचललं. कळ आली, तोंड वाकडं झालं. तिनं पाह्यलं. मंग उठायलाच तयार नाय. म्हणं, मला पडूनच बरंय."

माझा राग कुठल्या कुठं गेला. भीती तेवढी राहिली.

"भरतीचं बघू," अण्णा म्हणाले. "तू शिकलेला हाईस. गोळीबिगर तोंड सरळ कसं ठिवायचं, तेवढं डाक्टरला इचार."