उकंडाजीचा खडक

धाम नदीच्या काठी, उकंडाजी ढिवराच्या झोपडीसमोर एक काळा खडक आहे. त्या एका खडकाच्या उकंडाजी निदान तीन गोष्टी सांगायचा, आणि तिन्ही गळ्याला हात लावून.

देवभोळ्या आजीबाई आल्या की, "इथं सीतामाय बसली होती." आखाड्यातली पोरं दिसली की, "भीमानं एका हातानं आनून ठेवला." वर्ध्याच्या एका नव्या जोडप्याला तर त्यानं कुठल्याशा राजकन्येची कहाणी सांगून चक्क रडवलं होतं. शेवटी ठरलेलं वाक्य: "लबाड बोलत असन तं जाळ्यात मासोयी नाई पडनार!" मासोळी खरोखरच फारशी पडत नसे.

पक्की सडक झाली आणि ही दहा-बारा घरांची ढिवरवस्ती वर्धेकरांची सहलीची जागा होऊन बसली. रविवारी सायकली, छकडे, रोडगे भाजल्याचा धूर. मीही शाळेतली पोरं घेऊन जाई. मी इतिहासाचा मास्तर, खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करणारा. उकंडाजीच्या थापा ऐकून माझं डोकं फिरायचं.

अशात ठरलं की सहलीच्या लोकांसाठी नदीत उतरायला पायऱ्या बांधायच्या आणि मधे येणारा हा खडक सुरुंगानं उडवायचा. पण खडकाबद्दल जो तो काहीबाही सांगू लागला, तेव्हा बांधकामाच्या ओव्हरसिअरनं खरं-खोटं करायला मला बोलावलं. मनात म्हटलं, बरं झालं, आता याचं पितळ उघडं पाडतो.

गुरुवार होता. मी जरा आधीच पोचलो. काठावर उकंडाजीशिवाय कोणी नव्हतं. तेवढ्यात त्याची बायको भागीरथी काठीनं चाचपत उतार उतरली. तिला दिसत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. रविवारच्या गर्दीत ती घराबाहेर पडतच नसे. काठी खडकाला टेकली तशी ती हसली, नेमक्या खळग्यात बसली आणि फाटकं जाळं विणू लागली.

"नदीवर तिले येवढीच जागा वळखू येते," उकंडाजी खालमानेनं म्हणाला. "खडक गेला तं ते घरातच बसन, गुरुजी."

"मग हे सरळ का नाही सांगत?"

"एका आंधळ्या बुढीसाठी सुरुंग कोन थांबवन? सीतामायसाठी, भीमासाठी थांबवतीन."

माझीच मला लाज वाटली. इतक्यात ओव्हरसिअर आले. "बोला गुरुजी, इतिहास काय म्हणतो?"

"सीतामाई," मी म्हणालो. "इथेच बसल्या होत्या."

ओव्हरसिअरनं बूट काढून हात जोडले. उकंडाजी घाबरून माझ्या कानाशी लागला, "काऊन हो गुरुजी? साहेबाले तं मी भीम सांगतला होता!"

पायऱ्या झाल्या, पण खडकाला वळसा घालून. आता भागीरथीबाई रविवारीही तिथे बसते. सहलीला आलेल्या बाया खडकाला वाकून नमस्कार करतात. पायाशी बांगड्या वाजल्या की तिला वाटतं, आपल्यालाच केला. जाळ्यावरचा हात न थांबवता ती म्हणते, "सुखी राहजो, बाई."