गहिनातात्यांची पहिली किक

गहिनातात्या वास घेतल्याशिवाय पेट्रोल विकत घेत नाहीत. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, चोळायचे, फुंकर मारायची, हात नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटून असं तोंड करायचं, जसं काही मुलगी बघायला आलेत आणि चहात साखर कमी पडलीय. मागं रांग खोळंबलेली असते. कुणी हॉर्न वाजवतं, कुणी आयमाय काढतं. तात्या ढिम्म. "आधी वास, मग विश्वास," एवढंच म्हणतात आणि दुसऱ्यांदा हुंगतात.

बरं, हा माणूस पंपावर येतो कसा, तर माझ्या स्कूटरवर मागं बसून, मांडीवर कॅन घेऊन. कारण तात्यांना गाडी चालवताच येत नाही. शेरडं वळण्यात जन्म गेला, सायकलसुद्धा कधी धड जमली नाही. आणि पेट्रोलची ही चिकित्सा!

आमचं गाव शिरूर कासारपासून जवळच. माझं मेडिकलचं दुकान आहे आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून तात्यांचं घर. माझ्या बापानं बारशाला ठेवलेलं नाव तात्यांच्या लेखी वायाच गेलं. ते मला 'मेडिकल' म्हणतात. "ये मेडिकल, चल बे पंपावर." गिऱ्हाईक उभं असलं तरी हाच हुकूम.

हे पेट्रोल ज्या गाडीला, ती त्यांच्या पोराची, विष्णूची. विष्णू आणि सूनबाई दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला जातात, ते गुढीपाडव्याच्या पुढं-मागं परत येतात. गावी असतो त्या दिवसांत पोरानं एक नाद केला. जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली, मडगार्ड काढून फेकलं, सायलेन्सर उचलून वर बांधला, दातेरी टायर बसवले आणि घरच्या घरी डर्ट बाईक तयार केली. तात्या तिला 'डरट' म्हणतात. चैत्रात आमच्या गावची जत्रा असते, तेव्हा आसपासची पोरं मागच्या खडकाळ माळावर गाड्या चढवायची पैज लावतात. उभा चढ, सुटे दगड, शेरडंसुद्धा विचार करून चढतात. विष्णू तिथं बंदुकीच्या गोळीसारखा जायचा. वर्षभर मुकादमाच्या शिव्या खाणारं पोरगं त्या दिवशी सगळ्या माळाचा राजा असायचं.

तीन वर्षांमागं काय झालं, विष्णू आला आणि गाडी सुरूच होईना. माळावर सगळं गाव जमलेलं. किका मारमारून पोराच्या पोटरीत गोळे आले. पोरं शिट्ट्या मारायला लागली, कुणीतरी ओरडलं, "विष्ण्या, बैल जुंप बे!" विष्णूनं गाडी ढकलत घरी आणली, भिंतीला लावली आणि म्हणाला, "परत चालू झाली तर झाली, न्हाईतर भंगारात देऊन टाकू." मग दोन जत्रा त्यानं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. शिरूरच्या मेकॅनिकनं साफ करून दिली, ती चालूही झाली, पण पाच-पंचवीस किका खाऊन. ती विकू द्यायची नाही आणि पोरगं येईल तेव्हा पहिल्या किकला चालू झाली पाहिजे, एवढं एकच खूळ तात्यांनी तेव्हापासून घेतलं.

सुरुवात माझ्याच दुकानातून झाली. डांबरगोळ्यांचं पाकीट घेऊन गेले. मला वाटलं, तात्यांच्या बायकोच्या, शांताकाकूंच्या लुगड्यांसाठी असतील. तर यांनी त्या पेट्रोलमध्ये टाकल्या! कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, गाडीला ताकद येते. पहिल्या दिवशी गाडीनं असा बार काढला की काकूंच्या हातातली परात पडली. पुढं आठ दिवसांत कार्बोरेटर असा चोंदला की सर्दी झालेल्या माणसासारखी गाडी नुसती सूं सूं करत राहिली.

मग रॉकेल. कुठून पैदा केलं देव जाणे, पण पेट्रोलमध्ये निम्मं ओतलं. सकाळच्या गारठ्यात गाडी दाद देईना. दुपारी कशीबशी चालू झाली तर आतून खणखण आवाज, आणि धूर इतका की शेरडं दावी तोडून माळावर पळाली. मी दुकानाचं शटर ओढून आत खोकत बसलो. शांताकाकू पदर नाकाला लावून म्हणाल्या, "गावात धुरळणी झाली, चला, मच्छर तरी मेले!"

रॉकेल झाल्यावर भारीतलं पेट्रोल आणलं, पंपावर दुसऱ्या नळीतनं मिळतं ते. महिनाभर घातलं. फरक काडीचाही नाही. मेकॅनिक हसला. "तात्या, भारी पेट्रोल नव्या जोरदार इंजनाला. ह्या म्हातारीला ते पाजनं म्हंजी म्हशीला अत्तर लावनं." आणि मग त्यानंच खरी मेख सांगितली. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी रोज फिरती असली तर काही नाही. चार-सहा महिने टाकीत तसंच पडून राहिलं की पाणी घेऊन तळाशी बसतं, टाकी गंजते, कार्बोरेटर धरतो, मग किक मारा नाहीतर डोकं आपटा.

"अन् हे इथेनाल येतं कुठनं?" तात्यांनी विचारलं.

"उसापासनं."

तात्या परत येताना स्कूटरवर माझ्या कानात ओरडले, "म्हंजी पोरगं तिकडं ऊस तोडतंय, अन् त्याच उसाची दारू हितं त्याच्याच गाडीच्या नरड्यात! काय न्याव हाय का न्हाई बे मेडिकल?" जसं काही मीच कारखान्याचा चेअरमन!

त्यानंतर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या माझ्याकडून जायला लागल्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी, वर पेट्रोल, हलवायची आणि ठेवून द्यायची. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि पाणी खुणेच्या वर चढतं. तात्यांनी हा प्रयोग भर पंपावर केला आणि बाटली उंच धरून सगळ्या रांगेला दाखवली. "बघा रं, पान्यानं दारू पिली!"

पंपावरचा माणूस हात जोडून म्हणाला, "तात्या, सगळीकडं आसंच येतंय. मी काय रातचं घरी गाळतो व्हय?"

तेव्हापासून ठरलेला कार्यक्रम. थोडंच ताजं पेट्रोल आणायचं, त्यात ऑईल मापानं घालायचं, आणि ते माप म्हणजे माझ्याच दुकानातलं औषधाचं टोपण. आठ दिवसांनी उरलेलं काढायचं आणि माझ्या स्कूटरमध्ये ओतायचं. "तुजी गाडी तशी बी मेलेलीच हाय," हे वर ऐकवायचं. रोज सकाळी स्टँडवरच गाडीला किक मारायची, जरा चालू ठेवायची, मग पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, बंद करून ती आपोआप विझेपर्यंत शेजारी उभं राहायचं. "घशात थेंब ठिवू न्हाई," म्हणायचे. शांताकाकू एकदा सडा टाकता टाकता बोलल्याच, "मला लगनात बी एवढं न्याहाळलं नव्हतं."

होळीनंतर गाडी पहिल्या किकला उठायला लागली. तात्या रोज सकाळी दुकानात येऊन नुसतं एक बोट दाखवायचे. एक किक.

यंदा पाडवा झाला तरी ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या नाहीत. ऊस उरलेला, कारखाना चालूच. जत्रा तोंडावर आली आणि विष्णूचा फोन आला, यंदा जत्रेला येणं होत नाही. वर म्हणाला, "भंगारवाल्याला सांगितलंय. उद्या टेंपू घेऊन यील, गाडी देऊन टाका. उगं जागा आडवून बसलीय." एवढं बोलून ठेवूनच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच टेंपो दारात उभा. भंगारवाल्यानं गाडीच्या हँडलला हात घातला, तसे तात्या खेकसले, "हात काड! मेडिकल, विष्णूला फोन लाव."

मी लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडं उसाची सळसळ, मोळ्या टाकल्याचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. "बोला तात्या, काम चालूय."

तात्यांनी किक मारली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरीला पाय सटकला. तात्यांच्या कपाळाला घाम फुटला. भंगारवाला हसणार तेवढ्यात ओट्यावरून काकू कडाडल्या, "आवो, कॉक उघडा की आधी! रोज बंद कोन करतंय?"

कॉक उघडला. जरा थांबून किक मारली. गाडी धडाडून उठली, शेजारची कोंबडी पत्र्यावर चढली. तात्यांनी माझ्या हातातून फोन ओढला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. मी ओरडलो, "तात्या, फोन जळंल!" कोण ऐकतंय!

पलीकडून विष्णू म्हणाला, "तात्या, रेस द्या की जरा."

तात्यांनी दिली.

"अजून."

तात्यांनी मूठ पिळली. सगळी गल्ली निळ्या धुरात गेली. मग त्यांनी फोन तोंडाशी आणला आणि गाडीच्या आवाजावर आवाज काढून ओरडले, "विष्णू, गाडी बंद पडली त्या साली तू फोन करून सांगितलंतं, टाकी मोकळी करा म्हनून. मी व्हय म्हनलो. पन केली न्हाई रं. चांगलं पेट्रोल सांडायचं माज्या जिवावर आलतं. खोटं बोललो मी तुला."

मी काकूंकडं बघितलं. त्यांनाही हे नवीन होतं.

"ठाव हाय मला," विष्णू म्हणाला. "टाकीच्या तळाला पानी बघितलं तवाच कळलं."

"मंग बोलला कावून न्हाईस? सगळ्या गावानं हसं केलं तुजं."

"बोलून काय, तात्या? तुमाला लागलं असतं."

मला रडू आलं, त्यात कसली लाज? भंगारवाल्यानंसुद्धा टोपी काढून डोकं खाजवलं.

"भंगारवाल्याला च्या पाजून लावून द्या," विष्णू म्हणाला. "अन् गाडी बंद करू नका. राहू द्या चालू, मी ऐकतोय."

काकू चहा ठेवायला आत गेल्या. तात्या सायलेन्सरपाशी उकिडवे बसले आणि फोन पुन्हा पुढं धरला. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत त्यांनी गाडी बंद केली नाही.