पाण्याला गप्प करणारे सावंत

सावंतांच्या पँटला नाडी होती. शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेली. आमच्या मशीनमध्ये जबरदस्त ताकदीचा मॅग्नेट होता, लोखंड जवळ आलं की ओढून घ्यायचा. आम्ही बाकीचे घड्याळ, किल्ल्या, पट्टा दारात काढून आत जायचो. सावंत म्हणत, "काढूक विसरूची वस्तू अंगावर बाळगूचीच कशाक?" म्हणून पट्टा नाही, घड्याळही नाही. भाच्याच्या लग्नातही सुटाच्या पँटला नाडीच होती. दिवसातून दहा वेळा ते मला वेळ विचारायचे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या संस्थेत प्रोटीनच्या अभ्यासासाठी एनएमआर मशीन होतं. मी तिथे शास्त्रज्ञ, सावंत मशीन चालवणारे. मॅग्नेट थंड राहावा म्हणून दर रविवारी त्यात द्रव नायट्रोजन काठोकाठ भरावा लागे, तेही सावंतच बघायचे. वडील गिरणीत, हे आयटीआय करून इथे लागलेले, घाटकोपरच्या चाळीत राहायचे. प्रोटीनमधले हायड्रोजन आपापला बारीक सिग्नल देतात, कागदावर पेन त्याची शिखरं काढतं. पण प्रोटीन पाण्यात विरघळवलेलं असतं आणि पाण्याचा सिग्नल लाखपट मोठा. त्या गलक्यात प्रोटीन ऐकूच येत नाही. म्हणून आधी पाण्यावर बराच वेळ मंद लहरी सोडून त्याला थकवायचं, मग मोजायचं. रोज सकाळी सावंत हात चोळत म्हणायचे, "चला, आधी पाण्याक गप करूया."

हाच उपाय त्यांनी चाळीत वापरला. चाळीच्या मीटिंगमध्ये पेडणेकर नावाचे गृहस्थ कोणाला बोलू द्यायचे नाहीत. सावंतांनी मीटिंगआधी अर्धा तास त्यांना जिन्यात गाठून मुलाच्या नाकाच्या ऑपरेशनबद्दल विचारायला सुरुवात केली. मीटिंगला पेडणेकरांचा घसा बसलेला.

"ओरडायचं नाय साहेब त्यांच्यावर. हळूहळू दमवायचं," सावंत मला समजावत. "फक्त एक लोचा आहे. त्यांच्या शेजारचे परब पण जिन्यात उभे राहून ऐकतात. ते पण दमतात. त्यांचं गाऱ्हाणं राहूनच जातं."

मी हसलो. ते माझ्या कामाबद्दलच बोलत होते, हे लक्षात यायला मला फार उशीर झाला.

एका प्रोटीनवर मी पेपर लिहिला होता. त्यातलं एक शिखर कुठेच दिसत नव्हतं. म्हणून मी लिहिलं की प्रोटीनचा तो भाग सैल आहे, सारखा हलतो. पेपर स्वीकारला गेला. त्याच आठवड्यात सावंत कागदाची गुंडाळी घेऊन आले. त्यांनी तोच नमुना दहा अंश जास्त तापमानाला मोजला होता. तापमान वाढलं की पाण्याचा सिग्नल थोडा बाजूला सरकतो. तो सरकला होता, आणि त्याच्या जुन्या जागी माझं हरवलेलं शिखर उभं होतं.

"पाण्याबरोबर त्यालाही आपणच गप्प केलं होतं, साहेब."

"ठेवून जा. बघतो मी," मी म्हणालो, आणि गुंडाळी खणात टाकली. पेपर मागे घ्यायचा तर माझी बढती लांबणार होती.

वर्षभराने परदेशातल्या एका प्रयोगशाळेने छापलं की ते शिखर आहे. संचालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी म्हणालो, "नमुन्याचं तापमान नीट लावलं गेलं नसावं." तापमान लावणं सावंतांचं काम. संचालकांनी त्यांच्याकडे बघितलं.

सावंत म्हणाले, "असेल. माझंच चुकलं असेल."

त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. टेस्ट ट्यूब आणि रद्दी. मी त्यांना व्हरांड्यात विचारलं, असं का म्हणालात. ते म्हणाले, "पेपरावर तुमचं नाव आहे. माझं कुठे आहे? माझं काय जायचंय?"

जायचं होतं ते मशीन. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि नकोही होतं.

सहा-सात महिन्यांनी एका शनिवारी मी घाटकोपरला गेलो, माफी मागायची म्हणून. वहिनींनी चहा दिला आणि माझ्यावरच रागावल्या.

"साहेब, ह्यांना रविवारची तरी सुट्टी द्या ना. दर रविवारी मॅग्नेटमध्ये नायट्रोजन भरायला हेच कशाला? दुसरं कोण नाय तुमच्याकडे?"

सावंत कपाकडे बघत होते. बदली झाल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

मी म्हणालो, "वहिनी, दुसऱ्या कोणाला जमत नाही."

"बघ, मी सांगत होतो ना तुला," सावंत म्हणाले.

मग ते मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. माफीचे शब्द मी घरून ठरवून आणले होते. ते बाजूला राहिले. मी विचारलं, "रविवारी जाता कुठे?"

"गेटपर्यंत. नायट्रोजनची गाडी आत गेली की परत येतो. हिला वाटतं मी आत आहे."

सावंत जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तापमान त्यांनी बरोबर लावलं होतं. शिखर त्यांनी शोधलं होतं. हे मी त्या दिवशी बसस्टॉपवर निदान त्यांना तरी म्हणायला हवं होतं. बस आली. त्यांनी मला हाताला धरून थांबवलं.

"साहेब, गाडी येते ते दिसतं मला. पण काठोकाठ भरतात ना?"

"भरतात," मी म्हणालो. मी कधी बघितलं नव्हतं.