वामनरावांचा अंगठा

सरकारी कार्यालयात कोणतीही वस्तू मोडत नाही. तिच्याबाबतचा निर्णय प्रलंबित होतो, एवढंच. या न्यायाने अकोल्याच्या खारपाण विहीर नोंद केंद्रातली जीप कित्येक वर्षं कडुनिंबाखाली चाकांविना प्रलंबित आहे, माठाची तोटी प्रलंबित आहे, आणि दसऱ्यापासून मोठा कॉम्प्युटरही प्रलंबित झाला.

मोठा कॉम्प्युटर म्हणजे वर्कस्टेशन. आला तेव्हा एवढा ताकदवान होता की त्याच्यासाठी खास एसी बसवला होता. (एसी पुढे साहेबांच्या केबिनमध्ये गेला. कॉम्प्युटरला वाईट वाटू नये म्हणून मधल्या दाराला काच आहे.) त्याच्या हार्ड डिस्कमध्ये केंद्रात नोंदी घेणाऱ्या साधनाताईंची उमेदीची सगळी वर्षं होती. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात एसटीने गावोगाव हिंडून, बाटल्यांत पाणी भरून, कोणती विहीर किती खारी याच्या नोंदी त्यांनी केल्या होत्या. त्या नोंदींवरून महिनाअखेर अमरावतीचं विभागीय कार्यालय ठरवणार होतं की गोड्या पाण्याची पाइपलाइन कोणत्या गावांना मिळेल. ज्या गावाची नोंद नाही, त्याचं पाणी गोड समजावं, असं परिपत्रकच होतं. नोंदींची दुसरी प्रत नव्हती. प्रत ठेवणं म्हणजे यंत्रावर अविश्वास दाखवणं, असं केंद्रप्रमुख भगवंतराव साहेबांचं मत होतं, आणि ते मत वरिष्ठांनाही पटलेलं होतं.

खंडेनवमीला साहेबांनी यंत्रपूजा काढली. नुसतं वरून हळदकुंकू वाहणं त्यांना वरवरचं वाटलं, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचं कवाड उघडून आतल्या डिस्कलाही झेंडूचा हार घातला आणि तो हलू नये म्हणून केबललाच गाठ मारली. सुट्या संपल्यावर झाडलोट करणाऱ्या पार्बताबाईंनी वाळलेला हार ओढला. हाराबरोबर केबल आली आणि केबलबरोबर डिस्कच्या कनेक्टरची कंगव्याच्या दातासारखी काळी पट्टीही आली.

"मी तं फक्त हार काढला, साहेब," पार्बताबाई म्हणाल्या. "त्याच्यासंग ते आलं, तं म्या काय करू?"

पट्टी निर्माल्यात गेली आणि निर्माल्य विधिवत मोर्णा नदीत गेलं. पूजेत कसूर झाली नाही, हे साहेबांनी इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

यानंतर साठवणुकीचे पर्याय शोधण्यासाठी समिती बसली. समितीचं काम अतिशय सखोल होतं. रेल्वे स्टेशनजवळचा दुकानदार कनेक्टर दहा मिनिटांत जोडून द्यायला तयार होता. पण तीन दुकानांचे दर लागतात, आणि उरलेल्या दोघांनी "हे होत नाही" असं सांगितल्याने न होणाऱ्या कामाचे दर मिळेनात. नवी डिस्क घ्यावी, तर जुनी निकामी ठरायला हवी; आणि निकामी ठरवण्याच्या अर्जावर तिच्या आतल्या माहितीचा तपशील लागतो, जो तिच्या आत होता. पेनड्राइव्हवर बंदी होती. (बार्शीटाकळीहून आलेल्या एका पेनड्राइव्हने पूर्वी सगळ्या फाइलींची नावं चिनी करून टाकली होती.) इंटरनेटवर चढवावं, तर इंटरनेट फक्त जीपच्या मागच्या सीटवर येतं. शेवटी नोंदी तोंडपाठ करण्याचा पर्याय पुढे आला, पण पाठांतर करणाऱ्याची बदली झाली तर माहिती जिल्ह्याबाहेर जाते, म्हणून तोही नामंजूर झाला.

मार्ग निघाला तो वामनरावांमुळे. वामनराव केंद्राचे चालक. जीप प्रलंबित असल्याने त्यांच्याकडे वेळ मुबलक. त्यांनी सहज डावा अंगठा घालून केबल दाबली आणि पडद्यावर डिस्क उगवली.

"मॅडम, दिसून राहिलं काय?"

"दिसून राहिलं! वामनराव, हात नका हालवू!"

"नाकावर माशी बसली हो."

"बसू द्या तिले!"

साधनाताईंनी पर्समधून घरची पोर्टेबल डिस्क काढली. तेवढ्यात साहेब आले.

"मॅडम, खाजगी वस्तू सरकारी मशीनले लावता येत नाही. नियम हाय."

"अन् वामनरावांचा अंगठा, साहेब?"

"तो आस्थापनेवर हाय."

हे बिनतोड होतं. साधनाताईंनी परवानगीचा अर्ज अमरावतीला धाडला, आणि उत्तर येईपर्यंत वामनरावांकडे 'साठवणूक (अंगठा)' हा अतिरिक्त कार्यभार आला. ते सकाळी स्टुलावर बसत, अंगठा लावत, जेवणाच्या सुट्टीत काढत. त्यांना कुणी हसवू नये, असा आदेश निघाला. अमरावतीहून पाहणी पथक आलं आणि शून्य खर्च पाहून भारावून गेलं. चिखलदऱ्याच्या एका कार्यालयाने धडधाकट यंत्राचा कनेक्टर काढून तिथे माणूस बसवला. विभागातली साठ टक्के माहिती लवकरच अंगठ्यांवर येईल, असा अंदाज होता. (उरलेली चाळीस टक्के आधीच गेलेली होती.)

महिनाअखेरीच्या दिवशी सकाळी अमरावतीहून एकाच लिफाफ्यात दोन कागद आले. एक, प्रत काढण्यास विशेष बाब म्हणून परवानगी. दुसरा, वामनरावांची विभागीय अंगठा प्रशिक्षक म्हणून अमरावतीला बढतीवर बदली, तात्काळ.

साधनाताईंनी पहिला कागद वाचला न वाचला तोच पोर्टेबल डिस्क लावली. वामनरावांनी दाबून धरलं. मशीन म्हातारं, हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती. एकेक गाव येत होतं, आणि ताई प्रत्येक गावाचं नाव पुटपुटत होत्या. दुपारी पट्टी निम्म्यावर आली.

निरोप समारंभ सभागृहात ठरला होता. पण अंगठा सभागृहात येऊ शकत नव्हता, म्हणून सभागृह अंगठ्याकडे आलं. खुर्च्या आल्या, पेढे आले, माइक आला. भाषणं झाली. साहेबांनी वामनरावांना शाल पांघरली, ताईंनी श्वास रोखला. वामनराव हलले नाहीत. साहेबांनी नारळ पुढे केला, वामनरावांनी तो उजव्या हाताने घेऊन मांडीवर ठेवला. मग साहेबांनी झेंडूचा टपोरा हार त्यांच्या गळ्यात घातला, टाळ्या कडाडल्या, आणि साऱ्या हयातीत पहिल्यांदाच सत्कार झालेल्या त्या भल्या माणसाचे डोळे भरून आले. गळ्यात हार पडल्यावर आपल्याकडे कुठलाही सभ्य माणूस जे करतो तेच त्यांनी केलं.

त्यांनी दोन्ही हात जोडले.

डिस्क एकदाच टकटकली आणि गप्प झाली. पुढे दहा जणांनी वीस अंगठे लावून पाहिले, ती बोलली नाही.

अमरावतीने निर्णय वेळेत दिला. अर्धी गावं खारी ठरली, अर्धी गोड. एकाच विहिरीवर पाणी भरणारी दोन गावं आहेत. त्यांपैकी एकाचं पाणी खारं निघालं, दुसऱ्याचं अधिकृतपणे गोड. साधनाताईंना आधी संताप आला, मग पेढा हातात तसाच धरून त्या वेड्यासारख्या हसत सुटल्या. सोमवारी त्यांनी रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि पहिल्या गोड गावाची एसटी पकडली.

तुम्हीही हसलात, बरं वाटलं. आता जरा उशापाशी बघा. तुमचा फोन चार्जिंगला लावलेला आहे. वायर एका ठरावीक कोनात वाकवून, वर चष्म्याचं घर ठेवलं तरच तो चार्ज होतो, आणि तो कोन घरात फक्त तुम्हालाच जमतो. वडिलांचा शेवटचा फोटो त्यातच आहे, आणि दुसरीकडे कुठेच नाही. काढू सावकाश प्रत, घाई काय आहे? तोवर फक्त एवढं करा, कुणी सत्काराला आलं तर हात जोडू नका.