गोदाबाईंचं उडतं दर्शन

आईला टेकडीवर न्यायचं कसं, हा विषय चिंतामणरावांनी चहाच्या वेळी उगाच काढला. काढला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं; पण रिटायर माणसाला चहाबरोबर तोंडी लावायला काहीतरी लागतंच.

विषय तसा खराच होता. बैहर रोडवरच्या टेकडीवर देवी आहे. लग्न होऊन बालाघाटला आल्यापासून गोदाबाई दरवर्षी तिच्या दर्शनाला जात आणि निघताना उंबऱ्यावर डोकं टेकवून "पुढच्या वर्साले येतो माय" म्हणत. मग गुडघ्यांनी संप पुकारला. दिलेला शब्द तसाच राहिला आणि म्हातारीच्या मनाला ते लागून राहिलं. तिला काही मागायचं नव्हतं.

"आता माह्याच्यानं येणं होत नाही, एवढं तिले तोंडावर सांगतो," त्या म्हणत. "न सांगता गैरहजर राह्यणं बरं नाही."

(चिंतामणरावांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. न सांगता गैरहजर राहणारी माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. बरेचदा आरशात.)

"डोलीत बसवतो तुले. चार माणसं पाहतो," ते म्हणाले.

"जित्तेपणी मी चौघांच्या खांद्यावर नाही जात," गोदाबाई म्हणाल्या आणि बशीतला चहा संपवला.

चिंतामणरावांची नजर कपाटावरच्या काळ्या बॅगेवर गेली. तीत जावईबापूंचा, म्हणजे रजतरावांचा ड्रोन होता. मागच्या खेपेला बॅग इथेच विसरून ते नागपूरला गेले होते. त्यांनी एकदा गच्चीवर सासऱ्यांच्या हाती रिमोटही दिला होता.

"दोन्ही दांड्या एकदम खाली आणि आतल्या बाजूला ओढल्या की पंखे सुरू होतात, बाबा," त्यांनी समजावलं होतं. "पुन्हा तसंच केलं की बंद. पण ते जमिनीवर. हवेत असताना चुकूनसुद्धा करायचं नाही."

चिंतामणरावांनी मान डोलावली होती. कचेरीतही ते साहेबापुढे अशीच डोलवत.

"आई, देवी तुले गाडीत बसल्या जागी दाखवतो," आता ते म्हणाले.

प्रेमलताबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं. "तुम्हाले मिक्सरचं झाकण लागत नाही, अन् हे उडवता?"

"मिक्सरचा अन् याचा काय संबंध?"

"दोन्हींत पंखे फिरतात."

पण गोदाबाईंनी मनावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, सकाळपासून पाण्याच्या घोटावर, टेकडीच्या पायथ्याशी गाडीत बसल्या होत्या. चिंतामणरावांनी बॅग उघडली. आता नाही जमलं तर आईला कोणत्या तोंडाने घरी न्यायचं?

जमलं मात्र. ड्रोन भुरकन वर गेला. रिमोटवरच्या छोट्या पडद्यावर पायऱ्या दिसल्या, झाडं दिसली, देवळापुढे ताणलेलं मांडवाचं कापड दिसलं, कळस दिसला.

"हा कळस झाला," गोदाबाई म्हणाल्या. "माय कुठं हाये?"

"आत हाये, आई. हे आत नाही जात."

"म्हणजे बाहेरूनच?"

त्या दोन शब्दांनी चिंतामणरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ड्रोन जमेल तितका खाली, मांडवाच्या वर आणला. तिथून कापडच दिसत होतं.

गोदाबाईंनी थोडा वेळ कापडाकडे पाहिलं, डोक्यावरून पदर घेतला. "बरं. इथूनच सांगतो," त्या म्हणाल्या. "हात जोड, चिंतामण."

माणूस साठी उलटलेला. पण हे वाक्य तो बोलायला लागण्याआधीपासून ऐकत आलेला. हात डोक्याला न विचारता जुळले. रिमोट दोन्ही तळव्यांच्या मधे आणि अंगठे दांड्यांवर. हात जुळताना अंगठे आत आले, मान लवली तसे खालीही आले. चिंतामणरावांनी डोळे मिटून मनोभावे नमस्कार केला, आणि तिकडे वर पंखे थांबले.

प्रेमलताबाईंनी डोळे मिटले नव्हते. "अहो," त्या म्हणाल्या, "ते पडून राह्यलं."

पडद्यावर आभाळ, झाड, पुन्हा आभाळ आणि कापड असं गरगर फिरलं आणि अंधार झाला. चिंतामणरावांना जावई आठवला नाही, किंमत आठवली नाही. खाली कोणी बसलं असेल तर? कोणाच्या डोक्यात गेलं तर? रिमोट आईच्या मांडीवर ठेवून ते पायऱ्यांकडे धावले. एरवी त्या पायऱ्या नुसत्या पाहून त्यांना धाप लागे. आज ते कुठेही न थांबता चढले. माणूस मनापासून घाबरला होता.

वर चिटपाखरू नव्हतं. पुजारी जेवायला गेलेला, दार सताड उघडं. मांडवाच्या कापडावर आपटून ड्रोन घसरत खाली आला होता आणि गाभाऱ्यासमोरच्या फरशीवर कलंडून पडला होता. एक पंखा मोडलेला, दिवा लुकलुकतोय. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. देवीसमोर उभं राहून चिंतामणरावांनी पुन्हा हात जोडले, या वेळी रिकामे.

खिशातला फोन वाजला. "आईंशी बोला," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"चिंतामण, माय दिसली रे." गोदाबाई म्हणाल्या. "अंधार सरला अन् एकदम समोर. नथ दिसली, डोळे दिसले. जराशी तिरपी होती, पण तीच. इतक्या जवळून तर मी कधी पाह्यलंच नव्हतं."

चिंतामणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगितलं तिले?"

"सांगूनच राह्यली होती. अर्धं झालं, अन् कोणी तरी मधात येऊन उभा झाला. माय झाकली पुरी."

"कोण?"

"तोंड कुठं दिसते? नुसते पाय दिसतात. बूट घालून उभा हाये देवीपुढं. कोणाचा पोरगा हाये कोण जाणे, मायबापानं काही वळणच लावलं नाही."

चिंतामणरावांनी खाली पाहिलं.

"हौ आई," ते हळूच म्हणाले, "सांगतो त्याले," आणि भिंतीला चिकटून बाजूला झाले.