आम्ही भाडेकरू नव्हतो

गायधनीकाकांच्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो, पण त्यांच्यासमोर 'भाडेकरू' हा शब्द काढायची सोय नव्हती. एकदा माझ्या सासऱ्यांनी सहज विचारलं, "तुम्हीच का यांचे घरमालक?" काका शांतपणे म्हणाले, "मी परवाना देणारा. तुमचे जावई परवानाधारक. ते भाडेकरू झाले, तर मी कोर्टात दिसेन." सासऱ्यांचा चहा गार झाला.

मी तेव्हा अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर होतो. नुकतंच लग्न झालेलं. पंचवटीतल्या घरात खाली काका एकटे आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही. काका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. काकू गेल्या होत्या, मुलगा बंगळूरला. त्यांच्या चुलत्यांचं घर एका भाडेकरूनं मरेपर्यंत सोडलं नव्हतं. त्या धसक्यानं काकांनी भाड्याचा सगळा कायदा पाठ केला होता.

करार 'लीव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे नुसत्या राहायच्या परवान्याचा, अकरा महिन्यांचा. त्यात कलमं चौतीस. सतरावं असं होतं : 'परवानाधारकाने मिरच्या कुटण्यापूर्वी खाली सूचना द्यावी, कारण ठसका लागतो.' सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, "आणि वर मी नुसती शिंकले तर?" काका विचारात पडले. संध्याकाळी करारात भर पडली होती : '१७ अ. नैसर्गिक शिंकेस हे कलम लागू नाही.'

अकरा महिने भरले की आम्ही एका दिवसापुरतं घर सोडायचं. "ताबा परत मिळालेला दिसला पाहिजे," काका म्हणत. मी विचारलं, "आणि सामान?" "सामान पाहुणं म्हणून राहील." मग ते वरती कुलूप लावत आणि आम्हाला खाली जेवायला वाढत. पिठलं-भात, वर लसणाची फोडणी. संध्याकाळी नव्या करारावर सह्या, आणि किल्ली पुन्हा आमच्या हातात.

पुढे नवा कायदा आला. करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि ती जबाबदारी घरमालकाची. गल्लीतले सगळे घरमालक कुरकुरले. काका मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दोन साक्षीदार घेऊन, नोंदणी कार्यालयात सगळ्यांच्या आधी हजर. तिथला कारकून पानं उलटून दमला. "काका, शिंकेचं कलम काढू या का?"

"त्यावर वाटाघाटी झालेल्या आहेत," काका म्हणाले.

त्याच वर्षी आमची मुक्ता झाली. ती काकांच्या ओट्यावर रांगली, त्यांचं बोट धरून चालायला शिकली. दुपारी सुनंदा हाक मारायची, तेव्हा खालून काकांचंच उत्तर यायचं, "झोपलीय. हलवू नका."

मग इंदिरानगरला आमचा फ्लॅट तयार झाला. कराराप्रमाणे मी महिनाभर आधी नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. "तारीख नाही." तारीख घातली. "पत्ता अपुरा आहे." पत्ता पुरा केला. "मजकुरात 'आम्ही' आहे आणि सही एकट्याची."

माझं डोकं फिरलं. "यांना चुका काढायला मीच सापडलो का?"

सुनंदा म्हणाली, "अहो, चुका सापडत नाहीयेत. शोधतायत ते."

चौथी नोटीस आम्ही दोघांनी सह्या करून लिहिली आणि मुक्ताला कडेवर घेऊन सुनंदा स्वतः खाली गेली. मी मागे उभा राहिलो. काकांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं, कागद उलटून कोरी बाजूही पाहिली.

"बिनचूक आहे," ते म्हणाले. मग नोटिशीची घडी घालत, "पण करारात मुक्ताचं नाव कुठंच नाही. म्हणजे ही नोटीस तिला लागू होत नाही."

मुक्ता त्यांच्या चष्म्याशी खेळत होती.

"दर रविवारी आणीन तिला," सुनंदा म्हणाली. "दिवसभर ठेवीन. लिहून देऊ?"

काकांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"नको," ते म्हणाले. "तोंडी चालेल."